डोकं दुखत होतं, दोघांचंही

आमच्या ह्यांचं साताऱ्यात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, ३० वर्षांपासून. जळालेल्या मोटारीतली जुनी तार काढायची आणि नवी भरायची, हे रोजचं काम. केसासारखी बारीक तांब्याची तार ते गिऱ्हाइकाशी बोलता बोलता गुंडाळतात, बोटांकडे बघावंही लागत नाही. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते मला त्या बोटांवरूनच कळलं.

२०२२ साली आमच्या लग्नाला २५ वर्षं झाली. मुलगी पुण्यात नोकरीला लागली होती, सासूबाईंना बघायला नणंद येऊन राहणार होती. एवढ्या वर्षांत आम्ही दोघंच असे कुठे गेलोच नव्हतो. जिथे गेलो तिथे लग्नकार्य, नाहीतर देवदर्शन, नाहीतर मुलीची परीक्षा. मी सहकारी बँकेत आहे. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने फोनवर हिमाचलातल्या चंद्रताल तळ्याचा फोटो दाखवला होता, तो मनात घर करून बसला होता. म्हटलं, जायचं तर इथेच. ह्यांनी लगेच हो म्हटलं.

ओळखीतल्या एका सहल ठरवून देणाऱ्याने ८ दिवसांचा कार्यक्रम आखून दिला. पुण्याहून विमानाने दिल्ली, रात्रीच्या बसने मनाली, एक दिवस मनालीत. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून रात्रीचा मुक्काम थेट चंद्रतालच्या तंबूत. मग कुंझुम खिंड ओलांडून काझा, की मठ, लांग्झा, हिक्किमचं पोस्ट ऑफिस, आणि त्याच वाटेने परत. कागदावर फार छान दिसत होतं. एकही दिवस वाया जात नव्हता.

त्या कागदावर नाश्ता कुठे, जेवण कुठे, गाडी कोणती, सगळं होतं. कुठल्या गावाची उंची किती, हे मात्र कुठेच नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नाही. मनाली २,०५० मीटरवर आहे. चंद्रताल ४,२५० मीटरच्या आसपास. म्हणजे सकाळी उठलो त्या जागेपेक्षा रात्री २,२०० मीटर उंचावर झोपायचं होतं. असा कार्यक्रम आजही कितीतरी लोक घेतात, म्हणून हे सांगते आहे. तुमच्या हातात सहलीचा कागद आला की आधी पेन घ्या आणि प्रत्येक मुक्कामापुढे उंची लिहा. दिवसा कुठे जाणार तिची नाही, रात्री जिथे पाठ टेकणार तिची.

आम्हाला डोंगराची भीती नव्हती, आणि तेच नडलं. अजिंक्यताऱ्यावर रोज सकाळी जाणारी आम्ही माणसं. ह्यांनी सातारा हिल हाफ मॅरेथॉन दोनदा पूर्ण केलेली, यवतेश्वरचा घाट पळत चढलेले. छातीचा त्रास नाही, बीपी नाही, साखर नाही. पण कळसूबाई, आपल्या राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, तेसुद्धा १,६४६ मीटर. महाबळेश्वर १,४०० च्या आतबाहेर. विरळ हवेचा त्रास साधारण २,५०० मीटरपासून सुरू होऊ शकतो, आणि तिथपर्यंत महाराष्ट्रातला एकही डोंगर पोचत नाही. आयुष्यभर सह्याद्री चढलेल्या माणसालाही त्या उंचीवर आपलं शरीर कसं वागेल याचा काही अनुभव नसतो. उलट दमसास चांगला असला की माणूस भराभर चढतो, आणि जास्त अडचणीत येतो.

त्या दिवशी पहाटे मनालीहून निघालो. अटल बोगदा २०२० च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला, ९ किलोमीटरचा आहे. त्यातून बाहेर पडलं की डोळ्यांपुढचा मुलूखच बदलतो. मनालीकडची देवदाराची गर्द झाडी संपते आणि लाहौलचे उघडे, तांबूस डोंगर सुरू होतात. माझं माहेर दहिवडीचं. सह्याद्रीच्या आड पाऊस अडतो आणि माण-खटाव कोरडा राहतो, हे लहानपणापासून बघितलेलं. तसंच इथे पीरपंजालच्या आड लाहौल-स्पीती कोरडी राहते. बर्फाची शिखरं आणि त्यांच्याखाली आमच्या माणसारखी तहानलेली जमीन बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हेही सांगायला हवं. आम्ही फार आनंदात होतो.

ग्राम्फूच्या फाट्यापासून रस्ता असा राहत नाही. चंद्रा नदीच्या कडेकडेने दगडगोटे, मधूनमधून आडवे येणारे नाले. छतडूला माझं डोकं दुखायला लागलं. वाटलं, गाडीच्या हिसक्यांनी असेल. बातलच्या ढाब्यावर चहाला थांबलो तेव्हा मी गाडीच्या मागच्या बाजूला गेले, पर्समधून डोकेदुखीची गोळी काढली आणि ह्यांना न दिसेल अशा बेताने घेतली. का लपवलं? २५ वर्षांनी पहिल्यांदा दोघं निघालोय, आता मी डोकं धरून बसले तर ह्यांचा विरस होईल, म्हणून. एवढंच कारण.

संध्याकाळी तळ्यावर गेलो. तंबू तळ्यापासून बरेच अलीकडे असतात, गाडीतळापासूनही थोडं चालावं लागतं. चंद्रतालचा रंग शब्दांत सांगता येत नाही. उन्हाची तिरीप होती तोवर मोरपंखी, ढग आला की शाईसारखा, आणि काठाशी तळाचा खडान्‌खडा दिसेल इतका नितळ. मी बघत राहिले. हे माझ्या मागे बरेच राहिले होते, सावकाश येत होते. मला वाटलं, तेही बघताहेत.

रात्री जेवायला राजमा-चावल होते. हे राजम्याचे भक्त. दोन घास घेऊन ताट सरकवलं. म्हणाले, "भूक नाही गं." त्या वाक्यापाशी मी थांबायला हवं होतं. उंचीच्या त्रासात डोकेदुखीच्या जोडीने भूक जाते, मळमळतं, पाय गळतात. दिवसभराच्या प्रवासानंतर आवडीचं जेवण नकोसं झालं तर त्याला थकवा म्हणू नका.

रात्री झोप लागेना. ह्यांचा श्वास मध्येच थांबल्यासारखा व्हायचा, मग चारपाच खोल श्वास घेऊन पुन्हा सुरू. इतक्या उंचीवर झोपेत असं पुष्कळांना होतं आणि तेवढ्यावरून घाबरायचं नसतं, हे आता माहीत आहे. तेव्हा मी नुसती मोजत पडले होते. साडेतीनच्या सुमाराला ते उठले. बाहेर जायचं होतं. बॅटरीच्या उजेडात बूट घालायला बसले, आणि बसूनच राहिले. लेस हातात होती. एक टोक दुसऱ्यावरून नेत होते, सोडत होते, पुन्हा नेत होते. गाठ काही बसेना. मग ती सोडून जॅकेटची चेन लावायला गेले, तर चेनीचं टोक खाचेत जाईना. मी बघत होते. तीच ती बोटं. मी म्हटलं, "अहो, काय होतंय?" तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "शटर लावलं का?"

दुकानाचं शटर. चंद्रतालच्या तंबूत, रात्री साडेतीनला.

मी ओरडत बाहेर गेले. तंबूंची व्यवस्था बघणारा मुलगा तिथल्याच गावचा होता, विशी-बाविशीचा. त्याने आत येऊन ह्यांना उभं केलं, बाहेर आणलं आणि बॅटरीचा झोत जमिनीवर सरळ रेषेत पाडला. एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या अंगठ्याला लावत या रेषेवरून चाला, म्हणाला. ह्यांची तीन पावलंसुद्धा सरळ पडली नाहीत. दारू प्यायल्यासारखे एका बाजूला कलले, आणि ह्यांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. मुलगा मला म्हणाला, "मैडम, हाइट लग गई है. नीचे ले जाओ. सुबह का इंतज़ार मत करो."

त्याने स्वयंपाकाच्या तंबूतून ऑक्सिजनचा सिलिंडर आणून नळी लावली. ड्रायव्हरला उठवलं. ड्रायव्हर म्हणाला, काझ्याला सरकारी दवाखाना आहे, तिकडे जाऊ. मलाही ते पटलं होतं, दवाखान्याकडे जायचं एवढंच डोक्यात होतं. त्या मुलाने अडवलं. काझ्याच्या वाटेवर कुंझुम आहे, ४,५५१ मीटर. आधीच उंचीने आजारी पडलेल्या माणसाला अजून वर चढवायचं, मग खाली उतरवायचं. नाही. आल्या वाटेने मनालीकडे उतरा. त्या दिवशी तो मुलगा तिथे नसता तर मी ह्यांना घेऊन कुंझुम चढले असते. उंचीच्या आजारात जवळच्या दवाखान्याहून उताराची वाट जास्त मोलाची असते, हे मी त्याच्याकडून शिकले. आणि मुक्कामाला पोचल्यावर सामान उतरवायच्या आधी कुणाला तरी हे विचारून ठेवायचं असतं : इथून सगळ्यात लवकर खाली जायचं तर कुठल्या बाजूने?

सव्वाचारला निघालो. अंधारात तो रस्ता धोक्याचाच, पण लवकरच फटफटलं. आदल्या दुपारी ज्या नाल्यांनी गाडी हलवून सोडली होती ते पहाटे अर्ध्यावर आले होते. दिवसभर उन्हाने बर्फ वितळतं, त्यामुळे दुपारनंतर नाले फुगतात. रात्रीच्या गारठ्याने पहाटे ओसरतात. म्हणून तिकडचे ड्रायव्हर उजाडताच गाडी काढायची घाई करतात, त्यांच्याशी वाद घालू नये.

बातल गेलं. ह्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. मी दर थोड्या वेळाने मुलीचं नाव विचारत होते, आणि ते सांगत होते, कधी लगेच, कधी वेळ लावून. छतडूला आठ वाजले. तिथली उंची ३,३०० मीटरच्या वर, म्हणजे जवळजवळ ९०० मीटर उतरलो होतो. हे सरळ बसले, बाहेर बघितलं आणि म्हणाले, "चहा मिळेल का इथे?" माझा हुंदका तिथे फुटला. ड्रायव्हरही डोळे पुसत होता.

मनालीत डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं दिली, दोन दिवस ठेवून घेतलं. मेंदूला सूज यायला सुरुवात झाली होती. आणखी काही तास वर राहिले असते तर बेशुद्धीत गेले असते, म्हणाले. मी त्यांचं जॅकेट घडी करायला घेतलं तेव्हा आतल्या खिशात कागदात गुंडाळलेली गोळ्यांची पट्टी सापडली. चार गोळ्या संपलेल्या. त्यांचंही डोकं छतडूपासूनच दुखत होतं. माझा विरस होऊ नये म्हणून त्यांनीही मला सांगितलं नव्हतं.

त्या दोन दिवसांत, आणि नंतर घरी येऊन, मी या विषयावर मिळेल ते वाचलं. हवेतला ऑक्सिजनचा वाटा वर गेल्यावर बदलत नाही, तो तिथेही २१ टक्केच असतो. कमी होतो तो हवेचा दाब. ४,३०० मीटरच्या आसपास एका श्वासात समुद्रकाठच्या मानाने जेमतेम साठ टक्के ऑक्सिजन हाती लागतो. शरीर त्याला तोंड देतं. श्वास वाढवतं, लघवीवाटे रक्तातला क्षार-आम्लाचा तोल सांभाळतं, हळूहळू रक्तही घट्ट करतं. पण या सगळ्याला दिवस लागतात, आणि ते दिवस ना पैसे देऊन मिळतात ना मनाच्या जोरावर. दिवस न देता वर गेलं की काहींना मेंदूला सूज येते, काहींच्या फुप्फुसात पाणी भरतं. फुप्फुसाचं दुखणं ओळखायची खूण अशी : बसल्या जागी धाप लागते, खोकला थांबत नाही, आणि फार वाढलं तर थुंकीत गुलाबी फेस येतो. मेंदूच्या दुखण्याची खूण मी वर सांगितली. चाल बिघडते, बोलणं भरकटतं, हाताला नेहमीची कामं जमत नाहीत. दोन्हींत उपाय एकच, खाली नेणं. औषध आणि ऑक्सिजन हे खाली पोचेपर्यंतचा आधार.

हे ज्ञान आपल्याच लष्कराने फार मोठी किंमत मोजून मिळवलेलं आहे. १९६२ च्या युद्धात मैदानातले जवान सरळ हिमालयाच्या उंचीवर नेले गेले, त्यांना हा आजार मोठ्या प्रमाणात झाला. लष्करी डॉक्टरांनी १,९२५ जवानांची पाहणी करून १९६९ साली लिहिलेला निबंध आजही या विषयात मोलाचा मानला जातो. आज जवानाला २,७०० ते ३,६०० मीटरच्या टप्प्यात ६ दिवस थांबवतात आणि मगच पुढे नेतात. त्यापुढच्या टप्प्यांना पुन्हा चार-चार दिवस. विशी-पंचविशीचा, कसलेला जवान आहे तो. आपण पन्नाशीची माणसं मनालीला एक रात्र काढून निघतो.

आपल्यासारख्यांसाठी नियम सोपा आहे. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढवायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबायचं. दिवसा वर फिरून या, रात्री खाली झोपा. डोकं दुखत असेल तर आणखी वर जायचंच नाही. गोळी घेऊन डोकं थांबलं म्हणून वर जाणं, हे तर मुळीच नाही. तेच आम्ही दोघांनी केलं. अ‍ॅसिटाझोलामाइड नावाची गोळी शरीराला सवय व्हायला मदत करते, पण ती आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. सल्फाच्या औषधाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगायचं. तिने लघवी वाढते, बोटांना मुंग्या येतात. ती घेतली म्हणून कार्यक्रम घाईचा करायची मुभा मिळत नाही.

करोनात घरोघरी आणलेला ऑक्सिमीटर सोबत असू द्या, पण त्याच्यावर विसंबू नका. गार पडलेल्या बोटावर तो भलताच आकडा दाखवतो, नखाला रंग असला तरी. आकडा बरा आणि माणूस झोकांड्या देतोय, तर माणसाकडे बघा. मनालीत मिळणारे हातात मावणारे ऑक्सिजनचे डबे काही मिनिटांत संपतात, त्यांच्या भरवशावर वर थांबू नका. दारू नको, झोपेची गोळी नको. पाणी पीत राहा.

हे फक्त स्पीतीचं नाही. आपल्याकडची कितीतरी कुटुंबं विमानाने थेट लेहला उतरतात. लेह ३,५०० मीटरवर आहे. तिथे पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायला तिकडचे लोक कळकळीने सांगतात. तरी दुसऱ्याच दिवशी वर खार्दुंग खिंडीत जायचा हट्ट धरणारे असतात. सिक्कीममध्ये लाचेनला एक रात्र काढून पहाटे गुरुडोंगमारला जातात, तेही १७,००० फुटांच्या वर. केदारनाथ ३,५८३ मीटर. आपल्या आईवडिलांना तिथे हेलिकॉप्टरने नेताना निदान हा आकडा माहीत असावा.

पैशाबद्दलही बोलायला हवं, कारण खरी पायबेडी तीच असते. आमचे सगळे मुक्काम आगाऊ भरलेले होते आणि परतीचं विमान ठरलेलं होतं. डोकं दुखत असताना दोघांच्याही मनात तोच हिशेब असणार की आज थांबलो तर पुढचं सगळं कोसळतं. अशा मुलखात कार्यक्रमातच दोन दिवस रिकामे ठेवा. कोऱ्या कागदावर कोरे दिवस. जुलै २०२३ मध्ये अवकाळी बर्फ आणि पावसाने रस्ते तुटले तेव्हा अडीचशेहून जास्त पर्यटक चंद्रतालच्या तंबूंत कित्येक दिवस अडकून पडले होते. ज्यांच्या हातात जादा दिवस नव्हते त्यांची घालमेल काय झाली असेल, मला कळते.

२०२४ च्या जूनमध्ये आम्ही पुन्हा निघालो. मुलगी आधी नको म्हणाली, मग मी तिला मुक्कामांच्या उंचीचा तक्ता दाखवला. या खेपेला १५ दिवस घेतले आणि शिमल्याच्या बाजूने गेलो. शिमला २,२०० मीटर. मग सराहन, भीमाकालीच्या लाकडी मंदिराजवळ. मग सांगला २,७००, दोन रात्री, मधल्या दिवशी ३,४५० मीटरवरच्या चितकुलला जाऊन परत. मग कल्पा, २,९६० मीटर, तिथेही दोन रात्री. समोर किन्नर कैलास, अंगणात सफरचंदाची झाडं. काही न करता बसून राहायला इतकी चांगली जागा मी पाहिलेली नाही. खाब्‌पाशी सतलज आणि स्पीतीचा संगम लागतो, तिथून रस्ता भिंतीसारखा चढतो. नाको गाव ३,६६० मीटरवर आहे. तिथे तळ्याकाठी जेवलो, पण राहिलो नाही, ३,२८० मीटरवरच्या ताबोला उतरून झोपलो. ताबोचा मठ इसवी सन ९९६ चा, बाहेरून मातीचा, आमच्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांसारखा दिसणारा. आत फोटो काढू देत नाहीत, आणि ते बरंच आहे. अंधाराला डोळे सरावले की भिंतींवरची हजार वर्षांपूर्वीची चित्रं एकेक करून दिसायला लागतात. तिथेही दोन रात्री. नवव्या दिवशी काझ्याला, ३,६५० मीटरवर पोचलो तेव्हा कुणाचंच डोकं दुखत नव्हतं.

रोज सकाळी चहाच्या आधी आम्ही एकमेकांना चार प्रश्न विचारत होतो. डोकं? भूक? झोप? चाल? उत्तर खरं द्यायचं, अशी निघतानाच आण घेतली होती. काझ्यातल्या दुसऱ्या सकाळी हे म्हणाले, "डोकं जरा जड आहे." त्या दिवशी वरच्या कोमिक गावाला जायचं ठरलं होतं. मी गाडीवाल्याला आज नको म्हणून सांगितलं. दिवसभर काझ्याच्या बाजारात फिरलो, गच्चीत बसून ठुकपा प्यायलो. तिसऱ्या दिवशी डोकं उतरलं.

काझ्यात आम्ही ज्या घरात राहत होतो त्याच घरात त्या संध्याकाळी पुण्याचं एक नवीन जोडपं उतरलं. आदली रात्र चंद्रतालला काढून कुंझुमवरून आले होते. दुसऱ्या दिवशी लांग्झाला राहायला जायचं होतं, ४,४०० मीटरवर. मराठी ऐकून बोलणं सुरू झालं. मुलगा उत्साहाने फोटो दाखवत होता. मुलीच्या ताटातली चपाती तशीच होती, डाळीला हात लागलेला नव्हता. मी हात धुवायला उठले तेव्हा ती मागोमाग आली आणि हळूच म्हणाली, "काकू, तुमच्याकडे डोकेदुखीची गोळी आहे का? माझ्या संपल्या." मी विचारलं, किती घेतल्यास? कालपासून पाच. दोनदा उलटी झालीय. आणि मग तिने माझा हात धरला, "काकू, त्याला सांगू नका ना प्लीज. त्याने वर्षभर पैसे साठवलेत या ट्रिपसाठी."

मी तिला पॅसेजमधल्या फरश्यांच्या रेघेवरून चालायला लावलं. चाल सरळ होती. धाप नव्हती, बोलणं नीट होतं. मग तिचा हात तसाच धरून मी तिला जेवणाच्या टेबलापाशी आणलं आणि त्या मुलाला सगळं सांगितलं. पाच गोळ्या, दोन उलट्या, तिने का लपवलं तेसुद्धा. ती रडायला लागली. तो इतका गोरामोरा झाला की मला त्याचीच कीव आली. ह्यांनी त्याच्या शेजारी खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर पहिल्यांदाच ती रात्र दुसऱ्या कुणाला सांगितली, लेस आणि शटरसकट.

रात्रीच सरकारी दवाखान्यात नेऊन तिला दाखवलं. डॉक्टरांनी थोडा वेळ ऑक्सिजन दिला आणि लांग्झाला जायचं नाही, उजाडल्यावर ताबोला उतरा, म्हणून सांगितलं. रात्री मी आणि हे आळीपाळीने त्यांच्या खोलीत डोकावून आलो. लांग्झाच्या घरवाल्याला त्या मुलाने फोन केला, भरलेले पैसे परत मागितले नाहीत. सकाळी सहाला आमच्याच गाडीवाल्याने त्या दोघांना ताबोला नेलं.

संध्याकाळी तिचा मेसेज आला. "काकू, डोकं थांबलं. दोघं जेवलो. मी दोन चपात्या खाल्ल्या." मी तो ह्यांना वाचून दाखवला. ते खिडकीशी बसून सैल झालेल्या चष्म्याचा स्क्रू नखाने फिरवत होते. म्हणाले, "डाळ खाल्ली का, विचार."